पगार मोठा होता, पण सही महागात पडली

आजचा एपिसोड छोटाच आहे, पण माझ्या घराशी जोडलेला आहे. का, ते शेवटी सांगतो.

आजचा माणूस आहे ॲन्टवान वॉकर. शिकागोचा पोरगा. १९९६ मध्ये केंटकी विद्यापीठाकडून कॉलेजचं अजिंक्यपद जिंकला आणि त्याच वर्षी बॉस्टन सेल्टिक्सने त्याला एनबीएत घेतलं. तीन वेळा ऑल-स्टार. २००६ मध्ये मायामी हीटबरोबर विजेतेपद. लांबून तीन पॉइंटचे शॉट एवढे का मारतोस, असं कुणीतरी विचारलं, तर हा म्हणाला, कारण चारचा नसतो ना! असा बिनधास्त गडी.

आता पैशाचं बघा. १२ सीझन, आणि नुसता पगार १० कोटी ८० लाख डॉलर. त्यातून टॅक्स जायचा, पण तरीही! आणि मे २०१० मध्ये याच माणसाने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं १ कोटी २७ लाख डॉलर, मालमत्ता फक्त ४३ लाखांची.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मनात आलं, उडवले असतील. तर हो, उडवलेच. गाड्या, घड्याळं, जुगार, आईसाठी मोठं घर, सोबतीला मित्र-नातेवाइकांचा गोतावळा. पण नुसत्या उधळपट्टीने माणूस फार तर खिसा रिकामा करून बसतो. एवढं देणं डोक्यावर आलं कुठून?

ते आलं सहीमुळे. वॉकरने शिकागोत इमारती घेतल्या होत्या, भाड्याने द्यायला. म्हणजे गुंतवणूकच, शहाणपणाचं काम! पण त्या कर्जांना तो स्वतः जामीन होता. २००८ मध्ये अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला आणि बँका थेट त्याच्या दारात आल्या. नेमकं त्याच वर्षानंतर त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. पगार बंद, हप्ते चालू.

पुढे तो पोर्तो रिकोत खेळला, आयडाहोच्या छोट्या लीगमध्येही खेळला. आता तरुण खेळाडूंना पैसा कसा सांभाळायचा ते सांगतो, स्वतःचीच गोष्ट पुढे ठेवून.

आता माझं. मी शाळेत असताना बाबा एका सहकाऱ्याला पतसंस्थेत जामीन राहिले. काकांनी हप्ते थकवले आणि दोन वर्षं बाबांच्या पगारातून कपात झाली. घरात कुणी आवाज चढवला नाही, पण माझी सहल गेली, आईचा गॅसचा नवा शेगडी-सेट गेला. बाबांनी पैसे उडवले नव्हते हो. फक्त सही केली होती.

गेल्या महिन्यात माझ्या जिवलग मित्राने बाईकच्या नव्हे, धंद्याच्या कर्जासाठी मला जामीन राहा म्हटलं. रात्रभर झोप नाही. शेवटी माझ्याकडचे वीस हजार दिले आणि म्हटलं, हे परत नाही आले तरी चालतील, पण सही नाही करणार. तो अजून नीट बोलत नाही माझ्याशी. वाईट वाटतं. पण सही आजही करणार नाही.

म्हणून एवढंच सांगतो. जामीन म्हणजे ओळख देणं नाही, ते कर्ज तुमचंच असतं. आकडा बघा, आणि उद्या तो पूर्ण मला भरता येईल का, हे आधी विचारा.

तुमच्या घरी असं काही झालंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!