शेवटाआधी करार

 

2018 च्या नोव्हेंबरपासून आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीकडची माणसं ऐन थंडीत घराबाहेर तंबूत झोपत होती. तिथं एका आजींनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "बाबा, शेवट आला का रे?" मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातले भूकंप त्यांनी ऐकले होते. पण ती तर वेदनांची नुसती सुरुवात, असं प्रभू तिथंच म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोळगावातल्या आजच्या या परिषदेचं बीज तिथं पडलं.

तारखा काढण्याचा मोह जुना आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस धरला होता; काहींनी पिकं शेतात उभीच सोडली. तो दिवस उजाडला आणि मावळला. शेवटाचा दिवस, शेवटाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्काच्या तेराव्या अध्यायात असताना!

म्हणून माझी विनंती, शेवट वाचण्याआधी करार वाचू या. करार म्हटलं की पालघरच्या माणसाला स्टॅम्पपेपर आणि दोन्हीकडच्या सह्या आठवतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात मात्र वेगळंच घडतं. अब्रामाने कालवड, शेळी आणि मेंढा चिरून तुकडे समोरासमोर मांडले. झडप घालणारी गिधाडं तो हाकलत बसला. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत. मोडला तर माझंही असंच होवो, हा त्याचा अर्थ. सूर्य मावळला, अब्रामाला गाढ झोप लागली आणि धुमसती भट्टी व पेटती मशाल तेवढी मधून गेली. शपथ एकट्या देवाने वाहिली.

अब्रामाच्या वंशाला देश देण्याचा तो शब्द इस्राएलासाठी जसाच्या तसा उभा आहे, की ख्रिस्तात पूर्ण होऊन मंडळीपर्यंत पोचला? धर्मशिक्षक डार्बी आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या वाटेने जाणारे पहिलं सांगतात, वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र मानणारे दुसरं. प्रकटीकरणातली हजार वर्षं मोजायची की प्रतीक म्हणून समजून घ्यायची, हा वादही इथूनच निघतो. दोन्ही मतांचे अभ्यासक सभागृहात आहेत. मोकळेपणाने भांडा, फक्त नव्या कराराचं वचन देणारा यिर्मयाचा एकतिसावा अध्याय उघडा ठेवून.

आणि सोपं बोला. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. धुंदलवाडीकडच्या त्या आजीही आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पहिलं सत्र दानीएलाच्या सत्तर सप्तकांवर आहे. वक्त्यांनी कृपया पुढे यावं.