गुडघा बदलावा की न बदलावा?



आपल्या मराठी भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. ज्याला लग्नाची अनावर घाई, त्याच्या गुडघ्याला ती बाशिंग बांधते. ज्याला अक्कल कमी, त्याचा मेंदू ती गुडघ्यात नेऊन ठेवते. परंतु आपल्या भाषेत आणखी एक वाक्प्रचार आहे. तो गुडघ्यासाठी घडलेला नसला तरी गुडघ्याला सर्वांत अधिक लागू पडतो. तो म्हणजे 'दुखणे अंगावर काढणे'. आजच्या विषयाचा सारा पेच या दोन वाक्प्रचारांत सामावलेला आहे. काही मंडळी शस्त्रक्रियेसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसतात, तर पुष्कळ मंडळी, आणि त्यांतही स्त्रिया अधिक, वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतात. या दोहोंमधली शहाणपणाची वाट कोणती, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. घरच्या व शेजारच्या माणसांबरोबर या वाटेने चालताना जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल आहे.

आपल्या भागात गुडघे झिजावयास कारणे कमी नाहीत. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणारी शेतकरीण, सातपाटीच्या बंदरावर उकिडवी बसून मासळी निवडणारी कोळीण, बोईसरच्या कारखान्यांत पाळीपाळीने उभा राहणारा कामगार, रेल्वेचे पूल रोज चढणारा नोकरदार, या साऱ्यांचे गुडघे आयुष्यभर ओझे वाहत आले आहेत. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. त्या सुमारास जे तरुण येथे नोकरीस लागले, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. वय, वजन, जुनी इजा आणि घराण्यातला वारसा या साऱ्यांमुळे सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, विरत जाते. मग हाडाला हाड घासू लागते, आणि माणूस जिन्याकडे वैऱ्यासारखे पाहू लागतो.

शस्त्रक्रियेत नेमके होते काय? पुष्कळांची कल्पना अशी की सबंध गुडघा कापून काढतात व तेथे लोखंडी बिजागरी ठोकतात. तसे नाही. बैलगाडीच्या झिजलेल्या चाकाला लोहार नवी धाव चढवतो, तसा हा प्रकार आहे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचे वरचे टोक काही मिलिमीटर तासतात, त्यांवर धातूची आवरणे बसवतात आणि मधे कठीण प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. चाक तेच राहते. धाव नवी असते. म्हणूनच भोवतालचे स्नायू व शिरा यांच्यावर पुढचे सारे यश अवलंबून असते.

हा शोध एका दिवसात लागलेला नाही. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीज ग्लुक यांनी हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला होता. तो टिकला नाही. आजच्या पद्धतीचा पाया १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात घातला गेला. तेथे जॉन इन्सॉल व पीटर वॉकर यांच्याबरोबर आपल्या मध्य प्रदेशात जन्मलेले डॉ. चित्तरंजन राणावत हेही होते. पुढे याच राणावतांनी तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. तोवर श्रीमंतांच्या बैठकीत कुजबुजला जाणारा हा विषय त्यानंतर घरोघरच्या ओसरीवर आला. त्यात घेण्यासारखी गोष्ट अशी की पंच्याहत्तरी गाठलेल्या माणसाचे दोन गुडघे एका दमात न बदलता आठ महिन्यांच्या अंतराने बदलले गेले. दोन्ही एकदम करावे की वेगवेगळे, हे हृदय, फुप्फुसे व वय पाहून ठरवावयाचे असते. एकदा रजा काढली आहे तर दोन्ही उरकून टाकू, हा हिशेब येथे कामाचा नाही.

आता निर्णयाकडे वळू. पहिली गोष्ट, शस्त्रक्रियेपूर्वी बाकीचे उपाय मनापासून केले आहेत काय? मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम, वजन उतरवणे, हातात काठी, आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या हे ते उपाय. एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रिया व व्यायाम दोन्ही दिले. निम्म्यांना केवळ व्यायाम, आहार, औषधे इत्यादी. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम अधिक पडला होता, हे खरे. परंतु गंभीर त्रासही त्यांच्यातच अधिक झाले. आणि दुसऱ्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्यालाच त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली. अर्थ उघड आहे. शस्त्रक्रिया प्रभावी आहे. पण ती पहिली पायरी नव्हे.

दुसरी गोष्ट, निर्णय एक्स-रेवरून करू नये. एक्स-रेत सांधा पार झिजलेला दिसूनही हिंडतीफिरती माणसे आहेत. एक्स-रे बरा असून बेजार झालेलीही आहेत. विचारावयाचे प्रश्न निराळे. रात्री दुखण्याने झोप मोडते काय? बाजारापर्यंत चालवते काय? नातवाला उचलून घेता येते काय? ज्या कामावर पोट आहे ते होते काय? गोळ्यांवाचून दिवस जातो काय? यांची उत्तरे वर्षभर 'नाही' कडे झुकत असतील आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर मात्र अंगावर काढू नये. गुडघा वाकडा होऊन ताठरला आणि मांडी वाळली की त्याच शस्त्रक्रियेचे फळ कमी मिळते.

तिसरी गोष्ट, पदरात काय पडणार हे आधी स्वच्छ समजून घ्यावे. पंचवीस वर्षांनंतरही शंभरांतले सुमारे ब्याऐंशी कृत्रिम गुडघे शाबूत असतात, असे परदेशांतील नोंदींवरून दिसते. ही उमेद वाढवणारी गोष्ट होय. परंतु दहांत एक ते पाचांत एक रुग्ण 'हवे तसे झाले नाही' असेही म्हणतो. शंभरांत एकदोघांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो आणि तो फार छळतो. नव्या गुडघ्याने चालता येते, जिना चढता येतो. मांडी घालून वा उकिडवे बसणे मात्र बहुधा सोडावे लागते. ज्या बाईचा सारा संसार विळीवर व पाटावर बसून झाला, तिला हे आधी सांगितले पाहिजे. विळी ओट्यावर येईल, पूजा वा नमाज खुर्चीवर बसून होईल, परंतु ही तडजोड तिने स्वतः पत्करलेली असली पाहिजे.

आणि येथे आम्हांस थोडे कठोर बोलावयाचे आहे. सांध्यांची ही झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. तरी घरात गुडघ्यासाठी पैसा काढण्याची वेळ आली की आजोबांचा क्रमांक आधी लागतो, आणि आजी म्हणते, 'आता या वयात कशाला?' ते तिचे मत नसते. ते घराचे मत तिच्या तोंडून बाहेर पडते. 'आता या वयात' हे शब्द कानी आले की मुलांनी व सुनांनी एकच प्रश्न विचारावा: 'आई, दुखणे नसते तर तू काय केले असतेस?' उत्तर ऐकण्यासारखे असते.

खर्चाचे काय? ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषधमूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरली. त्यापूर्वी ती दीड लाखाच्या वर जात असे. मर्यादा घातली ती सांध्याच्या किमतीवर. खोली, भूल व शस्त्रक्रिया यांचे आकार निराळे. म्हणून सांध्याची आजची किंमत व बाकीचा खर्च वेगवेगळा लिहून मागावा, कोणत्या बनावटीचा सांधा बसणार ते विचारावे, आणि सरकारी वा नोकरीच्या विमा योजनेत किती बसते हे दाखल होण्यापूर्वी पाहावे. यंत्रमानवाच्या जाहिराती वाचून भुलू नये वा भिऊही नये. ते साधन आहे. ते वापरणाऱ्या हाताने अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हा प्रश्न आधीचा.

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळ जण मुंबईकडे वा गुजरातकडे धाव घेतात. त्यात एक मेख आहे. शस्त्रक्रिया दूर होते, पण व्यायाम येथेच करावयाचा असतो. तेव्हा घरी येऊन व्यायाम कोण घेणार, टाके कोण काढणार, रात्री ताप आला तर फोन कोणाला करावयाचा, हे जाण्यापूर्वी ठरवावे. घाई नसेल तर दिवाळीनंतर भातकापणी व झोडणी उरकल्यावरचे दिवस निवडावेत. आपल्याकडच्या पावसात शेवाळलेले अंगण व नवा गुडघा यांची गाठ पडू नये. घरात कमोडची व भिंतीला धरण्याची सोय करावी, पलंग व हाताची खुर्ची पुरेशी उंच असावी, आणि सतरंज्या व पायपुसणी उचलून ठेवावीत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. लोकांना ते निर्दयपणाचे वाटते. वास्तविक तीच दया असते, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होतात. पहिल्या आठवड्यांत गुडघा वाकवण्याइतकेच तो पूर्ण सरळ करणे महत्त्वाचे. म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊ नये. कितीही सुख वाटले तरी नको. हवी तर ती टाचेखाली घ्यावी. पावले खालीवर हलवणे, मांडी आवळून धरणे, बर्फाने शेकणे हा नेम दिवसातून अनेकदा पाळावा. व्यायामाआधी वेदनेची गोळी घेण्यात कमीपणा नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक चकवा लागतो. भेटावयास येणारे थांबतात, झोप नीट लागत नाही, सूज उतरत नाही, आणि 'उगीच केले' असे मनात येते. हे बहुतेकांच्या मनात येते आणि जातेही. सहाव्या आठवड्याच्या आगेमागे काठीवर वा काठीवाचून घरात वावर होतो. तीन महिन्यांनी बाजाराची फेरी जमते. सूज, ऊब व जखमेशेजारचा बधिरपणा मात्र वर्षभर थोडाफार राहू शकतो. परंतु पोटरी दुखून सुजली, जखमेतून स्राव येऊ लागला वा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखून दम लागला तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात जावे. ही दुखणी अंगावर काढावयाची नसतात.

बंधुभगिनींनो, शस्त्रक्रिया दोनएक तासांत होते. चालणे मात्र रुग्णाने महिनोन्‌महिने स्वतःच्या कष्टाने पुन्हा कमवावयाचे असते. ज्याची त्या कष्टाला तयारी नाही त्याने थांबावे. ज्याची तयारी आहे त्याला केवळ वयाच्या नावाखाली कोणी थांबवू नये. आज घरी गेल्यावर आपल्या घरात जिना चढताना कोण कठडा धरते, जमिनीवरून उठताना कोण हात टेकते, एवढे पाहावे आणि तिला वा त्याला नीट विचारावे. निर्णय त्यांचा असू द्यावा. विचारणे आपले काम आहे.