वाघ मोजतो, बुलबुल गृहीत धरतो



पर्यावरण म्हटले की आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना ताडोबा, जिप्सी आणि वाघ आठवतो. ते पैसेवाल्यांचे काम, आपला काय संबंध, असे अनेकांना वाटते. म्हणून आज मी वाघाशेजारी गल्लीतला लालबुड्या बुलबुल ठेवणार आहे.

नर वाघाचे वजन दोनशे किलोच्या आसपास, बुलबुलाचे जेमतेम ४० ग्रॅम. बछडे सुमारे दोन वर्षे वाघिणीसोबत राहतात. बुलबुलाची अंडी दोन आठवड्यांत उबतात, पुढच्या दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. वाघाला मोठे जंगल आणि भरपूर शिकार लागते. बुलबुलाला झुडूप, कीटक आणि थोडी फळे पुरतात. त्यामुळे जंगल तुटले की वाघ आधी अडचणीत येतो.

वाघासाठी १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. २००६ च्या गणनेत १,४११ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये ३,६८२. लक्ष दिले, जागा राखली, म्हणून तो सावरला.

बुलबुलाबद्दल आपण म्हणतो, 'ते तर ढीगभर आहेत.' गिधाडेही ढीगभर होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीची ९९ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. आपल्याला कळले तेव्हा उशीर झाला होता.

मुंबईच्या सालिम अलींची सुरुवात वाघापासून झाली नाही. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, या प्रश्नाने मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. पुढे देशाला पक्षी ओळखायला शिकवणारा माणूस घडला.

कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि उडणारे पक्षी यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. त्यात मोठ्या-लहानाचा भेद नाही.

वाघासाठी आपण फार काही करू शकणार नाही कदाचित. पण झाड छाटण्याआधी घरटे बघू शकतो. पिंजऱ्यातला बुलबुल विकत घेणे नाकारू शकतो. तो पकडणे कायद्याने गुन्हाच आहे. महिन्यातून एका रविवारी फजरनंतर अर्धा तास मोहल्ल्यातले पक्षी मोजून वहीत लिहू शकतो. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या.