विद्या विनामूल्य, पण श्रेयांक?



आम्ही मॅट्रिकपुढे शिकू शकलो नाही. फीपुरते पैसे नव्हते. आज २०१७ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'स्वयं' उपक्रमात आय. आय. टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकावयास मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, अशा रीतीने मिळविता येतात. परीक्षा मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

अभियांत्रिकी शिकणारा आमचा भाचा अशी परीक्षा उत्तम उत्तीर्ण झाला. परंतु महाविद्यालयाची पूर्वसंमती नव्हती. श्रेयांक नाकारले गेले व तितकाच दुसरा विषय पुन्हा करावा लागला. तरी पालकहो, नाव नोंदविण्यापूर्वी लेखी संमती अवश्य घ्यावी. आणि गरजू मुलांचे परीक्षाशुल्क आपल्या मंडळाने भरावे, ही आमची नम्र विनंती.