अर्जात किती सांगावे?

नोकरीचा अर्ज लिहावयास बसलेला तरुण आपले शिक्षण आणि अनुभव अर्ध्या तासात लिहून काढतो. त्याची लेखणी अडते ती त्यानंतर. जन्मतारीख लिहावी काय? वडिलांचे नाव व त्यांचा व्यवसाय? धर्म, जात? विवाहित की अविवाहित? कोपऱ्यात छायाचित्र डकवावे काय? आपल्याकडे या कागदाला ‘बायोडेटा’ म्हणण्याची रीत पडली, आणि गंमत अशी की लग्न जुळविण्यासाठी जो कागद घरोघर फिरतो त्यालाही हेच नाव. पुष्कळदा दोन्ही कागद एकाच हाताने लिहिलेले असतात. हिशेबनिसाच्या जागेसाठी आलेल्या अर्जात उमेदवाराची उंची आणि भावंडांची संख्या आढळते, तिचे मूळ बहुधा येथेच असावे.

मराठी माणसाची अडचण अशी की, त्याने काही सांगावयाचे नाही असे ठरविले, तरी त्याचे नावच बोलू लागते. पहिले नाव स्वतःचे, दुसरे वडिलांचे, तिसरे आडनाव. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असला की गावाचा पत्ता लागतो; इतर कित्येक आडनावांवरून वाचणारा जातीचा अंदाज बांधतो, आणि तो चुकीचा असला तरी बांधल्यावाचून राहत नाही. विवाहित स्त्रीच्या नावात मध्ये पतीचे नाव येते. त्याआधी ‘सौभाग्यवती’ वा ‘कुमारी’ हे उपपद लागले म्हणजे वैवाहिक स्थितीचा रकाना कोरा ठेवूनही तो भरलेलाच असतो. तमिळ उमेदवार बहुधा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि स्वतःचे नाव एवढ्यावर भागवितो. जन्मतारखेची तऱ्हा आणखी निराळी. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून शिकून पुढे आलेल्या मागील पिढ्यांमध्ये १ जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या पाहून परका माणूस थक्क होईल. तो दिवस जन्माचा नव्हे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टिपलेला तो दिवस होय. तरी आयुष्यभर तोच खरा मानावा लागतो.

नाव बोलते म्हणजे त्याचा परिणाम किती होतो, हे मोजून पाहिले गेले आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिराती पाहून ५४८ जागांसाठी ४,८०८ अर्ज धाडले. उमेदवार काल्पनिक होते; शिक्षण व अनुभव तुल्यबळ होता; फरक केवळ नावांचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुसलमानांची. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाशी तुलना करता दलित नावाला पुढील बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश इतकाच भरला. या अर्जांत जातीचा वा धर्माचा रकाना नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे आकड्यांचा अर्थ अधिक बोचतो. उमेदवाराने काय गाळावे हा प्रश्न खरा. परंतु वाचणाऱ्याच्या मनात काय भरलेले आहे, यावर गाळण्याचा उपाय थोडाच चालतो.

जातीच्या बाबतीत उमेदवाराची स्थिती तर दुहेरी आहे. संविधानाचा सोळावा अनुच्छेद सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास एवढ्याच कारणावरून कोणालाही अपात्र ठरवू देत नाही. आणि तोच अनुच्छेद मागासवर्गीयांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभाही देतो. म्हणून सरकारी अर्जात ज्या तरुणाला आपला प्रवर्ग हक्काने, प्रमाणपत्रासह लिहावा लागतो, त्याच तरुणाने दुसऱ्या दिवशी खाजगी कंपनीला अर्ज करताना त्याविषयी मौन पाळणे यात विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी त्या माहितीवाचून त्याला न्याय मिळत नाही. दुसऱ्या ठिकाणी तिचा कामाशी संबंधच नाही.

संबंध नसलेली माहिती मागितली गेली म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरात नोंदले गेले आहे. १९८९ साली एका स्त्रीची आयुर्विमा महामंडळात सहायक म्हणून निवड झाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, महिला डॉक्टरने तपासून तिला योग्य ठरविले. त्या वेळी तिच्याकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेण्यात आले. विवाहित आहात काय, पतीचा व्यवसाय कोणता, मुले किती, येथपर्यंतचे प्रश्न आपल्याकडे कोणाला खटकले नसते. पण त्यापुढे पाळी नियमित येते काय, शेवटची केव्हा आली, गर्भधारणा किती वेळा झाली, सध्या गर्भ आहे काय, कधी गर्भपात झाला काय, असे रकाने होते. सप्टेंबरात ती उमेदवारीच्या काळासाठी रुजू झाली, डिसेंबरात तिने प्रसूतीची रजा मागितली आणि जानेवारी १९९० मध्ये तिला मूल झाले. फेब्रुवारीत तिला नोकरीवरून दूर करण्यात आले. महामंडळाचे म्हणणे असे की, पाळीची जी तारीख तिने लिहिली ती खोटी होती. दिल्लीच्या उच्च न्यायालयात तिला दाद मिळाली नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. आणि खरा दोष तिच्या उत्तरात नसून प्रश्नांत आहे, अशा गोष्टी उघड करणे स्त्रीला लाजिरवाणे, किंबहुना मानहानिकारक आहे, असे सांगून ते रकाने काढून टाकावयास सुचविले.

या निकालावरून अर्जात वाटेल ते खोटे लिहावयास हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. जेथे छापील नमुना आहे आणि प्रश्न रास्त आहे, तेथे उत्तर खरेच दिले पाहिजे. फौजदारी खटल्याची माहिती दडविणाऱ्या उमेदवारांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हेच बजाविले. मात्र क्षुल्लक प्रकरण आणि गंभीर गुन्हा यांत मालकाने विवेक करावा, असेही म्हटले. स्वतःच्या हाताने कोऱ्या कागदावर लिहिलेल्या परिचयाची गोष्ट वेगळी. तेथे कोणी काही विचारलेलेच नसते. न विचारलेले न सांगणे याला लपवाछपवी म्हणत नाहीत. चार वर्षे मुलांच्या संगोपनासाठी घरी राहिलेल्या स्त्रीने त्या चार वर्षांत आपण नोकरीत होतो असे लिहिणे हे असत्य. मुले किती व केवढाली हे न लिहिणे हा तिचा अधिकार.

उत्तम अर्ज कसा असतो हे पाहावयाचे तर मागे, इटलीत जावे लागते. सुमारे १४८२ साली, तिशीच्या उंबरठ्यावरील लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. हलके पूल, वेढा फोडण्याची यंत्रे, तोफा, भुयारे, अशी आपल्याला काय काय साधते याची कलमे तो एकामागून एक मांडतो. चित्रकलेचा उल्लेख अगदी अखेरीस येतो. वाचणाऱ्याला युद्धाची चिंता होती, हे त्याने ओळखले होते. आपण एका नोटरीचे अनौरस पुत्र आहोत, हे त्या पत्रात कोठेही नाही, आणि ते नाही म्हणून कोणाचे काही अडले नाही.

अर्थात काही वैयक्तिक गोष्टी कामाच्या असतात. इंदूर, बडोदे किंवा बंगळूर येथे वाढलेल्या मराठी उमेदवाराला मराठी व हिंदी यांखेरीज गुजराती वा कन्नड वाचता-बोलता येत असेल, तर ते त्याने ठळकपणे लिहावे. बँकेच्या खिडकीपाशी त्याचा उपयोग पदवीहून अधिक होईल. परगावी जाण्याची तयारी लिहावी. आधार क्रमांक, पॅन, संपूर्ण पत्ता यांची निवड होईपर्यंत कोणालाही जरुरी नसते. अनोळखी हातांत तो कागद किती ठिकाणी जाईल याचा नेम नाही. छायाचित्राविषयी देशोदेशी भिन्न चाली आहेत. अमेरिकेत ते लावीत नाहीत. जपानात ते लावण्याचा प्रघात आहे. परंतु तेथील सरकारने २०२१ साली सुचविलेल्या नव्या नमुन्यात स्त्री की पुरुष हे लिहिणे उमेदवाराच्या इच्छेवर सोपविले, आणि पती-पत्नी व अवलंबितांचे रकाने गाळले.

आपल्याकडेही नाव लिहिण्याची रीत हलू लागली आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत प्रथम स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, या क्रमाने लिहावे असे महाराष्ट्र शासनाने ठरविले. ही मुले पहिला अर्ज लिहावयास बसतील तेव्हा सुमारे २०४५ साल उजाडलेले असेल, आणि एक बोलके नाव त्यांच्या कागदावर अधिक असेल.