गावाची वहीही आपलीच

मैत्रिणींनो, आम्ही पिंगळीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

गटात दहा रुपये कमी पडले तरी आपण हिशेब जुळेपर्यंत उठत नाही. मग गावाच्या पैशाबद्दल गप्प का?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांना हिशेबाचं प्रशिक्षण असतं; पुण्याची यशदा संस्था ते काम करते. अंदाजपत्रक नमुना १ मध्ये, रोकड वही नमुना ५ मध्ये, करपावती नमुना १० ची. पण शिकलेलं वहीत उतरलं का, हे विचारणारं कुणी हवं ना?

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. १ लाख जमले, तर १० हजार. आपण मागितलं नाही, तर मार्चअखेरीला ते घाईघाईत कशावरही खर्ची पडतात.

म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेला जा. मागणी सांगा, ठरावात लिहून घ्या. घरपट्टी भरली की पावती घेऊनच उठा. लेकीच्या मोबाइलवर ई-ग्रामस्वराज उघडून गावाचा आराखडा अन् खर्च बघा.

पहिल्या सभेला आम्हीही भिंतीला टेकून गप्प बसलो होतो. दुसऱ्या वेळी एकीनं विचारलं, मग सगळ्याच बोलल्या. तुमच्यातली पहिली कोण?