प्रतीक्षा करण्याची ऐपत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा पाठ)



अभ्यासवर्गात वैद्यकीय प्रवेशाचा विषय कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु बारावीनंतरच्या तीन-चार महिन्यांत आपल्या कार्यालयाची पायरी चढणाऱ्या पालकांकडे पाहा. मुलीला गुण बरे पडलेले असतात. जागा मिळेलच असे नाही आणि मिळणारच नाही असेही नाही. एका नव्हे, तीन-चार याद्यांमध्ये ती एकाच वेळी अधांतरी असते. बाप विचारतो, आता काय करायचे? आपला कार्यकर्ता कोणाला तरी फोन लावून देतो, आणि पलीकडचा माणूस पुष्कळदा दलाल निघतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०२५ साली नीट परीक्षेला २२ लाखांवर विद्यार्थी बसले आणि १२ लाखांवर विद्यार्थी ‘पात्र’ ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास सरकारी. तेव्हा पात्र या शब्दाचा अर्थ इतकाच, की रांगेत उभे राहण्यास हरकत नाही. घरच्यांना मात्र तो शब्द प्रवेशाचे आश्वासन वाटतो, आणि दलालाचे सारे भांडवल या गैरसमजात आहे.

पूर्वी महाविद्यालयाच्या फलकावर प्रतीक्षायादी लागत असे. आज तिची जागा ‘फेऱ्यां’नी घेतली आहे. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची समिती भरते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या प्रदीप जैन निकालात या पद्धतीचे मूळ आहे. राज्यातील उरलेल्या सरकारी जागा आणि खाजगी महाविद्यालयांच्या जागा आपल्याकडे सीईटी कक्ष भरतो. अभिमत विद्यापीठांची यादी पुन्हा केंद्राकडे, पण तिचे शुल्क निराळे. शेजारच्या राज्यातील खाजगी जागेसाठी अर्ज केला की चौथी खिडकी उघडते. (सेवाग्रामच्या प्रवेशपरीक्षेत एके काळी गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना दंतकथा वाटेल.)

आता मुद्द्याकडे येतो. गुणांची यादी सर्वांना एक आहे. थांबण्याची ऐपत मात्र एक नाही. अखिल भारतीय कोट्यातील सरकारी जागांसाठी खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला १० हजार रुपये अनामत ठेवावी लागते, अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. शिवाय नोंदणीशुल्क निराळे, आणि ते परत मिळत नाही. ज्याच्या घरी २ लाख रुपये काही महिने अडकून पडले तरी चुलीला झळ लागत नाही, तो सर्व खिडक्यांपुढे शेवटच्या फेरीपर्यंत निवांत उभा राहतो. यंत्रमाग कामगाराची मुलगी दुसऱ्या फेरीनंतर आयुर्वेदाची किंवा परिचर्येची मिळेल ती जागा घेऊन मोकळी होते. त्या अभ्यासक्रमांना मी कमी लेखत नाही. तिने तो निवडलेला नसतो, एवढेच म्हणतो. मागाहून महागड्या जागा रिकाम्या राहतात आणि तिच्या मागचे क्रमांक तेथे पोहोचतात. १९८३ नंतर आपल्या राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली तेव्हा देणगी उघड होती. देणगीबंदीचा कायदा १९८७ सालचा आहे. आज पावती मिळते आणि व्यवहार नियमात बसतो.

अनामतीमुळे जागा अडवून ठेवणाऱ्यांना आळा बसतो, असे समर्थन केले जाते. ते खोटे नाही. परंतु २ लाखांची अट ज्याच्यापाशी ते आहेत त्याला अडवीत नाही, ज्याच्यापाशी नाहीत त्यालाच अडवते. म्हणून अनामत उत्पन्नाच्या प्रमाणात असावी आणि तिचा परतावा ठरलेल्या मुदतीत मिळावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

शेवटच्या दिवशी काय घडू शकते, याचे एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरात आहे. २००६ साली छत्तीसगडमधील जगदलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी दोन जागा भरल्या गेल्या. गुणवत्तेत वर असलेल्यांना कळवलेच गेले नाही. लाभ झालेल्या दोघींपैकी एक राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालकांची कन्या होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ साली लागला. तोवर शिक्षण जवळजवळ संपले होते. न्यायालयाने पैसे भरावयास लावून ते पूर्ण करू दिले आणि प्रवेशाचे काटेकोर वेळापत्रक घालून दिले. ज्यांना त्या संध्याकाळी निरोप गेला नाही, त्यांना सहा वर्षांनी काय मिळाले?

आता पालकाला काय सांगायचे ते सांगतो. पसंतीक्रम भरताना जेथे मुलगी खरोखर जाईल आणि जेथील शुल्क घर खरोखर भरू शकेल, तीच नावे लिहावीत, आणि ती आवडीच्या क्रमानेच. शक्यता अजमावून क्रम फिरवण्याचा शहाणपणा करू नये. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की हातातली आपोआप सुटते व दुसऱ्याला जाते. मग ‘पहिलीच बरी होती’ म्हणून परतता येत नाही. तसेच पुढची जागा मिळण्यापूर्वी, केवळ आशेवर, हातातील जागेचा राजीनामा देऊ नये.

प्रत्येक खिडकीचे दार कोणत्या दिवशी बंद होते, ते एका कागदावर लिहून भिंतीला लावा. केंद्राच्या पहिल्या फेरीतून मोकळेपणी बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीत अनामत जाते. तिसऱ्या फेरीत रुजू झाल्यावर राजीनामाच देता येत नाही, आणि मग राज्याच्या यादीची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. अगदी शेवटच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामतीबरोबर पुढच्या परीक्षेची संधीही जाऊ शकते. पुन्हा बसण्याचा विचार करणाऱ्या मुलाला हे आधीच ठाऊक असले पाहिजे. नियम वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचल्यावाचून कोणी सल्ला देऊ नये; मी आज सांगितले म्हणूनही देऊ नये.

‘जागा पक्की करून देतो’ म्हणणाऱ्याला एक पैसाही द्यावयाचा नाही. आणि मुलीला रोज ‘काय झाले?’ म्हणून विचारावयाचे नाही. याद्या तिच्या हातात नाहीत. ज्या दिवशी निकाल असेल त्या दिवशी विचारा; एरवी तिला वाचू द्या, झोपू द्या.

एक काम मात्र याद्यांच्या कितीतरी आधीचे आहे. राखीव जागेवर हक्क सांगायचा तर जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि पडताळणी समितीकडे प्रकरणे महिनोन्‌महिने पडून राहतात. जागा मिळाली पण कागद नाही, म्हणून मुले परत आलेली आहेत. तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अकरावीच्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींची नावे या महिन्यात गोळा करावीत. अर्ज भरावयास दर रविवारी सकाळी दोन जण कार्यालयात बसतील. येताना आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची किंवा महसुली नोंदीची प्रत आणण्यास सांगा. सर्वांत जास्त वेळ तीच शोधण्यात जातो.